हूं की चूं न करता

माझ्या आईनं, म्हणजे आवडाबाईनं, पाच बाळंतपणं हूं की चूं न करता काढली, हे आमच्या भावकीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गंगापूर तालुक्यातलं आमचं गाव. तिथं ज्याचा त्याचा काहीतरी पराक्रम असतो. कुणाच्या आजोबानं नुसत्या काठीनं लांडगा मारलेला असतो, कुणाच्या चुलत्यानं निजामाच्या तहसीलदाराला तोंडावर उत्तर दिलेलं असतं. आमच्या घरानं यातलं काहीच केलं नव्हतं. आमच्या घरच्या बायका बाळंतपणात ओरडत नाहीत, एवढीच आमची कमाई, आणि ती माझ्या वडिलांनी, चुलत्यांनी आणि पुढं माझ्या थोरल्या भावानं, तात्यासाहेबानं, फार हौसेनं मिरवली. स्वतःला एकही कळ न येता मिळालेला मान होता तो, कोण सोडेल?

मी त्या पाचांतली तिसरी. मी जन्मले तेव्हा म्हणे ओसरीवर पुरुषांची पंगत बसली होती. आतून कुणीतरी येऊन मुलगी झाल्याचं सांगितलं, तर धाकटे चुलते भाकरी मोडता मोडता म्हणाले, "कुनाला?" ही गोष्ट आमच्याकडं कौतुकानं सांगतात. मला त्यात अजून कौतुक सापडलेलं नाही.

माझ्या स्वतःच्या बाळंतपणात मात्र मी सरकारी दवाखाना डोक्यावर घेतला. सरकारी दवाखाना, त्यामुळं साक्षीदार भरपूर. तेव्हापासून घरात कुणाचं डोहाळजेवण असलं की बायका आईचं उदाहरण देतात आणि माझ्याकडं बघून विषय बदलतात. "वच्छलाला शहराचं पानी लागलं," असा तात्यानं निकालही देऊन टाकला होता.

या ख्यातीची सुरुवात आईच्याही आधीची, तिच्या सासूपासूनची, साळूबाईपासूनची आहे. रझाकारांच्या धामधुमीत, पोलीस ॲक्शनच्या थोडं आधी, गावातली माणसं पोराबाळांसकट उभ्या बाजरीत लपून बसायची. तिथंच आजीला कळा सुरू झाल्या. आवाज झाला असता तर सगळ्यांच्याच जिवावर बेतलं असतं. आजी गप्प राहून बाळंत झाली आणि ते भाकरी मोडणारे चुलते जन्माला आले. त्या गप्प राहण्याला अर्थ होता. पुढं हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, बाजरीची कणसं खुडून झाली, माणसं घरी परतली. गप्प राहणं तेवढं घरात शिल्लक राहिलं आणि पुढच्या सगळ्या सुनांना लागू झालं.

गंमत म्हणजे आई एरवी गप्प राहणारी बाई मुळीच नव्हती. तिनं बांधावरून हाक मारली की पलीकडच्या शिवारातला गडी मान वर करायचा. एसटीच्या कंडक्टरशी तिचं भांडण लागलं की गाडीतली झोपलेली माणसं जागी होऊन तिच्या बाजूनं बोलायला लागायची. अशा बाईनं पाचही वेळेला तोंडातून ब्र काढला नाही, म्हणून तर लोकांना तिचं एवढं अप्रूप.

तिची एक सवय मात्र आम्हाला कधी कळली नाही. तोंडाजवळ फडकं आलेलं तिला चालायचं नाही. इतर बाया काम करताना पदराचं टोक दातात धरतात, ती कधी धरायची नाही. थंडीत तोंडाला रुमाल बांधायची नाही. एकदा दाढ काढायला तिला शहरात क्रांती चौकातल्या दातांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं दाढेशी कापसाचा बोळा ठेवला मात्र, आईनं त्याचं बोट असं चावलं की त्या पोराला स्वतःलाच इंजेक्शन घ्यावं लागलं. आम्ही कितीतरी दिवस हसत होतो. दाढ शेवटी आपोआप पडली.

आता मूळ गोष्टीकडं येते. तात्याचं शहरात, उस्मानपुऱ्यात घर आहे आणि ठिबक सिंचनाचं दुकान आहे. शहर तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर झालंय. तात्याची मुलगी शिवकन्या. बँकेत नोकरी करते, चारचाकी चालवते, साहेबालाही ऐकवते. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, म्हणून आईही गावाहून आली आणि मीही मुक्काम टाकला. डॉक्टर मॅडमकडं तपासणीला गेलो, तेव्हा शिवकन्येनंच विचारलं, "मॅडम, दुखू नये म्हणून काय काय करता येतं?"

तात्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला होता. तो एकदम सरसावला. कुठल्याही वस्तूचे दोन-तीन प्रकार आहेत म्हटलं की त्याच्यातला दुकानदार जागा होतो.

मॅडमनी शांतपणे सांगितलं. एक गॅस असतो, नळीतून श्वासाबरोबर घ्यायचा, त्यानं कळ थोडी बोथट होते. एक साधं इंजेक्शन असतं, त्यानं गुंगी येते, पण कळ राहतेच आणि बाळालाही थोडी सुस्ती येऊ शकते. सगळ्यात चांगला आराम पडतो तो पाठीतून दिलेल्या औषधानं. त्यातही प्रकार आहेत. एकदाच सुई दिली तर लगेच गुण येतो, पण थोड्या वेळानं उतरतो. एपिड्युरल म्हणजे पाठीत बारीक नळी ठेवायची आणि तिच्यातून बाळंत होईपर्यंत औषध थोडं थोडं देत राहायचं. त्याला लागू पडायला जरा वेळ लागतो. काही जणींना दोन्ही मिळून देतात.

"म्हंजे मॅडम," तात्या म्हणाला, "एकदाच सुई म्हंजे पाटपानी. सोडलं, भिजलं, वाळलं. अन् ही नळी म्हंजे ठिबक."

मॅडम हसल्या. "तसंच समजा."

"अन् कॉक कुनाच्या हातात?"

"आमच्याकडं बटण पेशंटच्याच हातात देतो. दुखायला लागलं की तिनं दाबायचं. कितीही वेळा दाबलं तरी मशीन ठरलेल्यापेक्षा जास्त सोडत नाही."

तात्या खुर्चीत मागं टेकला. इतका आनंद त्याला जावई मिळाला तेव्हाही झाला नव्हता. मग त्यानं तोटेही विचारून घेतले. बीपी उतरू शकतं, अंगाला खाज सुटते, पाय जड पडतात, क्वचित डोकं दुखतं, शेवटी जोर लावायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. सिझर यामुळं होत नाही आणि जन्माची कंबरही यामुळं धरत नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं.

पुढं आठवडाभर तात्यानं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना ठिबकचे पाइप दाखवता दाखवता बाळंतपणाच्या सुयांची तुलना समजावली. टमाट्याला ठिबक घ्यायला आलेला माणूस गॅस आणि एपिड्युरलमधला फरक शिकून जायचा. उस्मानपुऱ्यात या विषयावर तात्याइतका जाणकार माणूस उरला नाही.

एकदा जेवताना मी विचारलं, "मग नळीच ठरवायची ना तात्या?"

तो म्हणाला, "आपल्याला कशाला? माल चांगलाय, पन आपल्या रानाला गरज नाय."

"रान म्हणजे काय, तुझी लेक?"

"वच्छला, तुला कळायचं नाय," तो म्हणाला. का कळायचं नाही ते सगळ्यांना कळलं. वहिनी आमटी वाढायला उठल्या.

तरी स्वतःच्या तोंडानं नाही म्हणायला तात्या तयार नव्हता. त्याला रीत आडवी येत होती. त्यानं व्याह्यांना, रामकिसनरावांना, बोलावून घेतलं. ते फळांची पिशवी घेऊन आले. मग दिवाणखान्यात जे झालं ते बघायला तिकीट लावलं असतं तरी लोकांनी काढलं असतं.

"पोरगी आता तुमची," तात्या म्हणाला. "तुमी म्हनाल तसं."

"छे छे. पहिलं बाळंतपन माहेरचं. तुमचा शब्द," रामकिसनराव म्हणाले.

"तुमच्या शब्दाभाईर आमी नाय."

"तुमच्या घरात आमी कसं बोलावं?"

निर्णय असा इकडून तिकडं आणि तिकडून इकडं चालला होता, आणि मधल्या खुर्चीवर शिवकन्या सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिला विचारायचं कुणालाच सुचलं नाही. दोघांनाही सुई नको होती. नको म्हणण्याचा मान मात्र दोघंही एकमेकांना द्यायला बघत होते. शेवटी रामकिसनराव आईकडं बघून म्हणाले, "आन् खरं सांगू का? आईसाहेबांचं नाव ऐकून तर आमी ही सोयरीक केली. त्यांच्या नातीला सुई लागली म्हनल्यावर लोक आमाला काय म्हनतील?"

शिवकन्या आजीकडं बघत होती. लहानपणापासून ती आजीच्या गोष्टी ऐकत वाढली. शाळेत पडून हात मोडला तेव्हासुद्धा ती रडली नव्हती, आजीची नात म्हणून. ती म्हणाली, "मला नको सुई. आजीनं पाच काढली, मी एक काढीन."

दोन्ही पुरुषांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मी तिच्या हाताकडं बघितलं. खुर्चीचा दांडा तिनं घट्ट धरला होता. मला इतका संताप आला की मी त्या पिशवीतल्या मोसंब्या उचलून आत नेल्या आणि एकीलाही चहाबरोबर बाहेर येऊ दिलं नाही. आई मात्र पोथी ऐकताना बसावं तशी मान खाली घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी कणीक मळत होते. शिवकन्या येऊन आजीच्या शेजारी पाटावर कशीबशी टेकली.

"आजी, तू काय करायचीस गं?"

"कवा?"

"कळ आली की. श्वास धरायचीस? मनात देवाचं नाव घ्यायचीस? काहीतरी असेल ना तुझं. मला शिकव. मी तसंच करीन." आणि मग एकदम तिचा आवाज फुटला. "मला फार भीती वाटतेय आजी. मला नाही जमलं तर?"

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. हाताला लागलेली माती झटकली.

"मी काय नाय केलं," ती म्हणाली. "केलं ते सखूबाईनं."

सखूबाई म्हणजे आमच्या गावची सुईण. आम्ही पाचही भावंडं तिच्याच हातांवर जन्मलो.

"जुन्या लुगड्याचा बोळा करायची ती. कळ आली की तोंडात कोंबायची. एक बाई हात धरायची, अन् म्हातारी, मपली सासू, डोकं धरून बसायची. म्हनायची, वसरीवर मानसं बसलीत, आवाज भाईर जाऊ द्यायचा नाय. तिच्या येळंला जिवावरचं व्हतं. मपल्या येळंला वसरीवर कोन व्हतं? जेवायला बसलेले पावने. मी लई वरडले पोरी. बोळ्याच्या मागं वरडले. नाकानं श्वास पुरायचा नाय, डोळ्यापुढं अंधारी यायची. हिच्या टायमाला तर मला वाटलं, आता गेले."

हिच्या म्हणजे माझ्या. कणकेत माझे हात तसेच राहिले. दातांच्या डॉक्टरचं चावलेलं बोट मला आठवलं आणि आम्ही किती हसलो होतो तेही. मला रडू आलं. बाहेरच्या पंगतीत बसून "कुनाला?" विचारणाऱ्या त्या मेलेल्या चुलत्याला उठवून पुन्हा मारावं असं वाटलं.

"मग आई, तू सांगितलं का नाहीस कधी?" मी विचारलं.

"कुनाला सांगू? भाईर आले की बाया म्हनायच्या, आवडाबाई म्हंजे वाघीन. मला बी बरं वाटायचं. दुसरं काय व्हतं मपल्यापाशी मिरवायला?" मग ती शिवकन्येकडं वळली. "तू मपल्यासारखी नको होऊ. सुई घे. ती बटनवाली घे."

संध्याकाळी तात्या दुकानातून आला, रामकिसनरावही बरोबर होते. आईनं दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. बोळा, सखूबाई, हात धरणारी बाई, काही ठेवलं नाही. आयुष्यभर कमावलेलं नाव तिनं एका दमात पुसून टाकलं. मी दारात उभी राहून बघत होते. मला वाटलं, आता या दोघांना धरणी ठाव देणार नाही.

तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "माय, नातीसाठी किती करशील? स्वतःचं नाव खराब करू राहिली."

"आरं, खरं सांगते मी!"

"कळतं मला. पोरीला भ्या वाटू नये म्हनून म्हनायली तू."

रामकिसनराव तर उठलेच. त्यांनी वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. "आईसाहेब, एवढं मोठं मन आमी बघितलं नाय. स्वतःचा पराक्रम नाकारायचा, तोबी आमच्या सुनेसाठी!"

आईच्या नावावर आजवर खपलेली खोटी गोष्ट सगळ्यांनी डोक्यावर घेतली, आणि आता सांगितलेली खरी कुणी हातात घेईना. जेवायच्या आत चार फोन झाले आणि आवडाबाईच्या कीर्तीला नवा अध्याय जोडला गेला.

शिवकन्येनं मात्र ऐकलं होतं. पुढच्या तपासणीला ती माझ्याबरोबर गेली आणि मॅडमना म्हणाली, "मला एपिड्युरल हवंय. कुणाकुणाच्या सह्या लागतील?"

"तुमची," मॅडम म्हणाल्या. "अजून कुणाची?"

आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. ज्यासाठी घरात एवढी सभा भरली होती ते काम एका सहीचं होतं, आणि तीही सभेत कुणी न विचारलेल्या बाईची. पुरुषांना सांगायचं आम्हाला काही कारण दिसलं नाही. निर्णय समोरच्याचा आहे असं दोघांनीही आपल्या तोंडानं सांगितलं होतंच. आईला शिवकन्येनं कानात सांगितलं, तेव्हा ती नुसती मान हलवून पुन्हा कामाला लागली.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. दवाखान्यात वहिनी आत गेल्या आणि आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो. थोड्या वेळानं आतून शिवकन्येची किंकाळी आली. मग दुसरी. तात्यानं चोरून व्याह्यांकडं बघितलं. रामकिसनरावांनी मोबाइल काढून हवामानाचा अंदाज वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या किंकाळीला तात्या म्हणाला, "एसीचा आवाज लई येतो नाय इथं?"

तेवढ्यात भुलीचे डॉक्टर आत गेले. आणखी दोन-तीन वेळा ती ओरडली, पण दर वेळी आवाज कमी होत गेला. मग आत सगळं शांत झालं.

तात्या ताठ बसला. "सुरुवातीला जरा घाबरली असंल. बघा आता."

"शेवटी रक्त बोलतंच," रामकिसनराव म्हणाले आणि त्यांनी मोबाइल खिशात ठेवला.

मी आईकडं बघितलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. सुई घ्यायला तिनंच सांगितलं होतं, पण सुईनं आवाज असा बंद होतो हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. बाळंतिणीचा आवाज बंद व्हायचं एकच कारण तिला आयुष्यात माहीत होतं. ती उठली. दारात बसलेली आया म्हणाली, "अम्मा, अंदर नक्को जाओ." आईनं तिला एका हातानं बाजूला सारलं आणि ती दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली.

"तोंड मोकळं करा पोरीचं! काय घातलं तिच्या तोंडात? सोडा तिला! सोडा म्हनते ना!"

सगळा दवाखाना गोळा झाला. तात्या "माय, माय" करत धावला. दार उघडून मॅडम बाहेर आल्या, आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काय समजायचं ते समजल्या. "चपला काढा आणि या," त्या आईला म्हणाल्या. "तुम्हीही या यांच्याबरोबर," हे मला.

आत शिवकन्या उशीला टेकून बसली होती. हातात बटण होतं. बाजूच्या मशीनवर कळांची रेघ वर चढत होती आणि ही वहिनींशी बोलत होती. "आजी? काय झालं गं?"

आईनं उत्तर दिलं नाही. तिनं नातीचे गाल दोन्ही हातांत धरले आणि अंगठ्यानं तिचे ओठ चाचपून पाहिले. आधी एक कोपरा, मग दुसरा. तोंड मोकळं होतं.

"दुखत नाय?"

"ताण कळतो. दुखत नाही."

"मग वरड," आई म्हणाली.

"अं?"

"वरड एकदा. मला ऐकू दे. कुनी धरलं नाय ना तुला? मग वरड."

शिवकन्येनं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी खांदे उडवले. मग त्या पोरीनं छाती भरून श्वास घेतला आणि कुठं काही दुखत नसताना अशी ओरडली की ट्रेमधली भांडी वाजली. आणि तिच्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला. बांधावरून पलीकडच्या शिवारात पोचणारा तो आवाज मी जन्मापासून ओळखते, पण असा कधी ऐकला नव्हता. आई पलंगाचा दांडा धरून, डोळे मिटून ओरडत होती. नातीचा श्वास संपला तरी तिचा संपेना. वहिनी घाबरल्या. मॅडम तिला थांबवायला गेल्या नाहीत.

दुपारी शिवकन्येला मुलगी झाली. ती बाळंत होईपर्यंत बाहेर पुन्हा काही आवाज गेला नाही.

सुईची गोष्ट पुढं यथावकाश कळली, तरी फरक काही पडला नाही. तात्या आजही दुकानात सांगतो, "आमच्या पोरीनं शेवटपर्यंत हूं की चूं केलं नाय. दवाखाना हादरवला तो आमच्या मायनं. दुसऱ्याच्या बाळंतपनात वरडली! वय झालंय आता तिचं."

आई गादीशेजारी खुर्ची टाकून पणतीला मांडीवर घेऊन बसलेली असते. गिऱ्हाईक हसत तिच्याकडं वळून विचारतं, "काय आजी, खरं का?"

"व्हय," आई म्हणते. "मपलं राह्यलं व्हतं."